देवाच्या अंगावरचा शेंदूर

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता दरोडा कुठल्या ठाण्यातला, हे जुन्या वह्या उघडल्याशिवाय मला सांगता येत नाही. शेंदराचं प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं. गंमत अशी, की सगळ्यात स्पष्ट आठवणारं हेच प्रकरण मला सगळ्यात कमी कळलेलं आहे. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून आहेत आणि एकमेकांच्या घरी जेवतात.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. भोकर आणि हिमायतनगरच्या मधल्या पट्ट्यात माझं ठाणं. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग बांधाची भांडणं, चोरीला गेलेल्या मोटारी, शेतातून गायब झालेले पंप. हाताखाली एक जुने जमादार होते. त्यांना त्या भागातली प्रत्येक सोयरीक पाठ होती. माझा स्वभाव तापट. आरोपीसमोर माझा आवाज चढला की जमादार हळूच पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचे, आणि तो मी पिईपर्यंत समोरच्याला दम घ्यायला मिळायचा.

अशाच एका सकाळी पंचेचाळीशीचा एक शेतकरी आला. पांढरा सदरा, गळ्यात माळ. जमादार उठून उभे राहिले. "बुवा, तुम्ही?"

त्या गावच्या भजनी मंडळाचे ते मुख्य गायक. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. लाउडस्पीकर बंद पडला तरी बुवांचा अभंग पलीकडच्या तांड्यावर ऐकू जातो, असं लोक सांगत. माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या तोंडून मात्र नुसती हवा येत होती. मला टेबलावर वाकून कान पुढे करावा लागला.

"साहेब, मला शेंदूर खाऊ घातलाय."

गाणाऱ्याचा गळा मारायचा असेल तर पानातून शेंदूर देतात, हे आपल्याकडे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. मीही ऐकलं होतं आणि भाकडकथा म्हणून सोडून दिलं होतं. मी विचारलं, "कुणी?"

"गुरुजीनं."

गुरुजी म्हणजे गावच्या शाळेतले शिक्षक. त्याच मंडळात बुवांच्या मागे म्हणायचे. काही महिन्यांपूर्वी इस्लापूरला भजनाची स्पर्धा होती. बुवांचा घसा सर्दीनं बसलेला, म्हणून ऐनवेळी गुरुजींनी पुढे होऊन गायलं आणि मंडळाला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे सप्ताहात काल्याच्या दिवशी गुरुजींनी बुवांना पान दिलं. तेव्हापासून आवाज पार गेला, पोटात पीळ पडतो, उजव्या हाताला टाळ पेलत नाही. बुवांनी एवढं सांगितलं आणि धापा टाकत बसले.

"बुवा, घसा बसलाय तर हळद-दूध घ्या," मी म्हणालो. "एका पानानं कुणाचा हात लुळा पडत नसतो." मी हसलो. लेखनिकही हसला. जमादार हसले नाहीत. अर्ज घेतला आणि चौकशीवर ठेवला. आमच्या भाषेत 'चौकशीवर ठेवला' म्हणजे फायलीत घातला.

पंधरा दिवसांत नांदेडच्या सरकारी दवाखान्यातून ठाण्याला विषबाधेची सूचना आली. बुवांना पोटदुखीनं बेशुद्ध व्हायच्या अवस्थेत दाखल केलं होतं. मी जबाब घ्यायला गेलो. वॉर्डात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. चेहऱ्यावरून शाळकरी वाटाव्यात, पण बोलणं असं, की मी आपोआप टोपी काढली.

"पेशंटच्या रक्तात शिसं आहे," त्या म्हणाल्या. "थोडंथोडकं नाही."

"शिसं म्हणजे बंदुकीच्या गोळीतलं?"

"तेच. हात पुढे करा हो बुवा."

बुवांनी दोन्ही हात पुढे केले. उजवा पंजा मनगटातून खाली लोंबला. तो वर उचलायला त्यांना डाव्या हाताची मदत घ्यावी लागली. मग बाईंनी ओठ वर करून हिरडी दाखवली. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. शिसं शरीराच्या कामाचंच नाही, पण शरीर फसतं, त्याला चुन्यासारखं समजून हाडात साठवून ठेवतं, असं त्या म्हणाल्या. रक्त कमी होतं, आतडी आखडतात, नसा मरगळतात. कधी कधी घशाची नसही.

मी विचारलं, "शेंदरात शिसं असतं का?"

"खरा शेंदूर शिशाचाच असतो," बाई म्हणाल्या.

मी जीपमध्ये येऊन बसलो आणि ड्रायव्हरला 'चल' म्हणायचं विसरलो. ज्या माणसाला मी हसून परत पाठवलं होतं, तो खरं सांगत होता. हे मला फार लागलं. आणि पोलीसवाल्याला काही लागलं की त्याची भरपाई दुसऱ्या कुणालातरी करावी लागते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत झाली. परतल्याबरोबर विष देऊन दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या वेळेला गुरुजींना उचललं. पोरं प्रार्थनेला रांगेत उभी होती.

गुरुजींच्या खोलीची झडती घेतली. ते मूळचे लातूरचे, बायकोमुलं तिकडंच, गावात भाड्याची एक खोली. देवाच्या फळीवर शेंदराची पुडी सापडली. मी विजयी मुद्रेनं ती पंचांना दाखवली. पंचांपैकी एक म्हातारा शेतकरी होता. तो पुडीकडे बघून म्हणाला, "साहेब, ही तर माझ्याबी घरी हाय. सरपंचाच्याबी हाय. समद्यांचंच घर झाडून घ्या मग." बाकीचे खी खी करून हसले. मी डोळे वटारले आणि पुडी सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवली. अहवालात शिसं निघालं. नाही कसं निघेल?

चौकशीत गुरुजी पहिल्यांदा चिडले, मग गोंधळले.

"पान दिलं, हाव. काल्याच्या दिवशी पानं माझ्याकडंच असतात. चाळीस पानं लावली मी."

"त्यातलं एक वेगळं लावायला कितीसा वेळ लागतो?"

या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता लाज वाटते.

"साहेब, मी मागं म्हणणारा माणूस हाय," गुरुजी म्हणाले. "पुढचाच गप झाला, तर मी काय म्हणू? आणि त्याच्या घरी रोज दुपारची भाकर खातो मी. मायच्या हातची. बारा वर्षं झाली."

माय म्हणजे बुवांची आई.

"पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा तर पुढंच होता की," मी ओरडलो. जमादारांनी पाण्याचा ग्लास सरकवला. मी तो प्यायलो नाही.

कोर्टानं पोलीस कोठडी दिली. अटकेच्या दिवसापासून धरून तीन दिवस गुरुजी आमच्या कोठडीत होते. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांच्या वर आत राहिला की निलंबित होतो, हे मला माहीत होतं. गुरुजींनाही माहीत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वादच घालणं सोडलं. जे विचारीन त्याला 'लिहा साहेब, तुम्हाला वाटतं ते लिहा' म्हणायला लागले. मला तो कबुलीचा पहिला टप्पा वाटला. माणूस खचला म्हणजे खरं बोलायला आला, असं मी समजत होतो. पुढे जामीन झाला, गावात पाऊल ठेवायचं नाही या अटीवर. ते लातूरला घरी गेले आणि दर आठवड्याला तिथल्या ठाण्यात हजेरी देऊ लागले. शाळेतली नोकरी, गावातली इज्जत, मंडळ, सगळं गेलं. लातूरला माझ्या नात्यातल्या एकानं सांगितलं, की शेजारपाजारचे त्यांच्या घरचा चहासुद्धा घेत नाहीत.

इकडे बुवा सुधारले. दवाखान्यात शिसं लघवीतून बाहेर काढणारी इंजेक्शनं दिली. महिन्याभरात पोट थांबलं, पंजा थोडा वर यायला लागला, आवाजात घरघर का होईना पण धार आली. घरी सोडलं. मी दोषारोपपत्राची तयारी सुरू केली.

आणि दीड महिन्यानं डॉक्टरबाईंचा फोन. "साहेब, बुवा परत दाखल झालेत. पहिल्यापेक्षा वाईट."

"जुनंच उसळलं असेल."

"हाडातलं थोडं रक्तात परत येतं, ते मी धरलंय. हे तेवढं नाही. हे नवीन आहे. आणि तुम्ही ते पानाचं म्हणत होता ना? हे एका पानाचं कामच नव्हे. कुणीतरी थोडं थोडं, रोज देतंय. विष चालूच आहे."

"पण आरोपी लातूरला आहे!"

"मग आरोपी दुसरा आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांना पुढचा पेशंट होता.

मी जमादारांना सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मामला लई उलटा झाला साहेब. चोर सोडून संन्याशाला फाशी तर न्हाई ना दिली आपण?"

मला राग आला, कारण मला तेच वाटत होतं.

घरच्यांचं रक्त तपासलं. घरात तिघंच. बुवा, त्यांची बायको आणि माय. मूलबाळ नव्हतं. निकाल असा आला, की बुवांच्या रक्तात भरपूर शिसं, मायच्या रक्तात थोडं, आणि बायकोच्या रक्तात जवळपास नाहीच. आता कुणाही अंमलदाराला दाखवा, तो एकच बोट दाखवील. दुपारची भाकर माय थापते, पण बाकी स्वयंपाक करते कोण? बायको. नवरा आजारी, सासू थोडी आजारी, ही ठणठणीत. महिला शिपायाला समोर बसवून मी तिचा जबाब घेतला. मी एक प्रश्न विचारला आणि ती उसळली.

"एकाच टोपल्यातली भाकर, एकाच भगुन्यातलं वरण. मी काय भाकरीला सांगते, तू ह्याच्या पोटात गेली की इख हो आणि माझ्या पोटात गेली की भाकरच ऱ्हा?"

मी पुढचा प्रश्न काढायला कागद उलटला.

"आधी गुरुजीला नेलं. त्याचं वाटोळं केलं. आता मला न्या. मंग सासूला न्या. गाव खाली झालं म्हंजी तुमचा तपास पुरा!"

जमादार खिडकीबाहेर बघत होते. मी जबाब तसाच लिहून घेतला. तिला धरण्याइतका पुरावा माझ्याकडे होता, आणि गुरुजींच्या वेळी होता त्याहून जास्तच होता. पण पहिल्यांदाच माझा हात अडला. एक माणूस उद्ध्वस्त करून बसलो होतो, दुसरीला धरायची हिंमत होईना. पण बुवा घरी जाऊन तेच खाणार आणि मरणार, ही भीतीही होती. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी एक फेरी झाली तर मेंदूवर जाईल.

बुवांना मी दवाखान्यातच वही दिली. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं, ते सगळं लिहा. डाव्या हातानं वेड्यावाकड्या अक्षरात त्यांनी दोन पानं लिहिली. चहा, भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी, ताक, तंबाखू, चुना, दंतमंजन, डॉक्टरच्या गोळ्या. आम्ही घरातून पीठ, तेल, तिखट, मीठ, चहाची भुकटी, तंबाखू, मंजन, विहिरीचं पाणी, सगळ्याचे नमुने घेतले. स्वयंपाकाची भांडीसुद्धा पाठवली. सगळं स्वच्छ निघालं. मी ते अहवाल टेबलावर पसरून बसलो. शिसं काय हवेतून येत होतं?

बुवांना दुसऱ्यांदा घरी सोडलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत जमादारांना घेऊन सकाळीच त्यांच्या घरी गेलो. ठरवलं होतं, दिवसभर बसायचं आणि हा माणूस काय तोंडात घालतो ते डोळ्यांनी बघायचं. बायको माझ्याकडे बघत नव्हती. ताट वाढलं तेव्हा तिनं मुद्दाम माझ्यासमोर नवऱ्याच्या भाकरीचा तुकडा मोडून आपण खाल्ला. माय सत्तरीची, ठेंगणी, कामाला वाघीण. अंगण झाडलं, मारुतीच्या देवळात जाऊन आली, देवघरात गेली. बाई देवघरात गेली तर कोण कशाला मागे जाईल? दुपार टळली. काही नाही. चार वाजता मी उठलो.

आदल्या दिवशी हिमायतनगरच्या बाजारात बंदोबस्ताला होतो. ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. ते मायच्या कानांनी बरोबर टिपलं होतं. ती देवघरातून वाटी घेऊन आली.

"साहेब, जरा थांबा. सकाळधरून ऐकून राहिले मी, घसा बसलाय तुमचा. हे चाटा. उद्यापातूर मोकळा होईल."

मी हात पुढे केला. तिनं बोटानं तळहातावर तूप-साखर ठेवली. तूप केशरी दिसत होतं. मला वाटलं केशर असेल. हात तोंडाशी नेताना सहज विचारलं, "काय घातलंय माय?"

"मारुतीरायाचं हाय. लेकराला रोज देते, पहाटे आन् सांजच्याला."

"साहेब!" जमादार एवढ्या जोरात ओरडले, की माझा हात हलून अर्धं तूप सदऱ्यावर सांडलं.

मी बुवांकडे वळलो. "बुवा, हे वहीत का नाही लिहिलं?"

बुवांना माझा प्रश्नच कळला नाही. "ते खाणं थोडंच हाय साहेब? ते देवाचं."

मायनं देवघरातून एक पितळी डबी आणून दाखवली. मागच्या वर्षी गावच्या मारुतीनं अंगावरची खोळ सोडली होती. पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवून लावलेल्या शेंदराचा थर सुटून आपोआप खाली आला. गावानं वाजतगाजत ती खोळ नांदेडला नेऊन गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडली, पण निघण्याआधी घराघरानं एकेक तुकडा ठेवून घेतला. मायचा तुकडा या डबीत होता. तो ती रोज सहाणेवर घासून बारीक करायची. बोटांनी तुपात कालवायची, तीच बोटं चाटायची. म्हणून तिच्याही रक्तात थोडं शिसं. स्पर्धेच्या आधी लेकाचा घसा सर्दीनं बसला, तेव्हा तिनं सुरू केलं. घसा सुटेना, म्हणून नेम सोडला नाही.

मी खाली बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. "माय, शेंदरानं गळा जातो हे तुला माहीत नाही का? गावात तर सगळे तेच म्हणतात."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या खुळ्या पोराकडे बघावं. "तो दुकानातला शेंदूर साहेब. दुश्मनाच्या हातचा. ह्यो देवाच्या अंगावरचा हाय. दोन्ही एक कसे होतील?"

"एकच आहेत माय. शिसं ते शिसं."

"तुम्ही गुरुजीला धरलं ना," ती शांतपणे म्हणाली, "तवाच मला पक्कं कळलं, की लेकराला शेंदूरच घातलाय. तवर वाटायचं, नजर-बिजर असंल. पण पोलीस काय उगा धरतंय का? मंग मी उतारा वाढवला. आधी एकदाच द्यायची. लेकरू दवाखान्यातून आल्यापासून दोनदा देते."

बुवांची बायको चुलीपाशी उभी होती, तिनं पदर तोंडावर घेतला. पोलीस उगा धरत नाही, या एका विश्वासावर त्या बाईनं विषाचा डोस दुप्पट केला होता. तो विश्वास मी तिला दिला होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला गुन्हेगारांनी शिव्या दिल्या, वरिष्ठांनी झापलं. त्या वाक्याइतकं कशानंच लागलं नाही.

डबी पंचनामा करून जप्त केली. माय विचारत राहिली, "डबी कशाला नेता? लेकराचं औषध हाय ते." शेवटी बुवांनीच तिला त्या घोगऱ्या आवाजात सांगितलं. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि मग तिनं मला विचारलं, "पण साहेब, इख असंल, तर देवाला कसं काय चालतं ते? एवढी वर्सं अंगावर घेऊन बसलाय त्यो."

देव दगडाचा आहे म्हणून चालतं, हे मला तिला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुवा ठाण्यात आले. "मायचं नाव कागदावर आणू नका साहेब. तिनं मारायला न्हाई दिलं."

"मग गुरुजी कसे सुटतील? कागदावर खरं आल्याशिवाय त्यांची नोकरी परत मिळत नाही."

बुवांनी गळ्यातली माळ डाव्या मुठीत धरली. त्यांच्यासमोर एका बाजूला आई होती आणि दुसऱ्या बाजूला बारा वर्षांचा सोबती, ज्याच्यावर त्यांनी स्वतः बोट ठेवलं होतं. शेवटी म्हणाले, "लिहा." आणि डाव्या हातानं सही केली.

कायद्यापुढेही माझी तीच पंचाईत. तपास बंद करायच्या अहवालाला आम्ही समरी म्हणतो. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, तर 'अ' समरी. फिर्याद मुद्दाम खोटी, तर 'ब'. यातलं काहीच लागू होईना. फिर्याद खोटी नव्हती. विष खरं होतं. देणारी सापडली होती. नव्हता तो फक्त गुन्हा. सरकारी वकील म्हणाले, हेतू नाही, माहिती नाही, गैरसमजानं झालं, 'क' समरी पाठवा. पाठवली. कोर्टानं मंजूर केली. गुरुजींवरचं सगळं निघालं आणि त्यांच्या नोकरीचा कागद हलायला लागला.

मला वाटलं, संपलं. पण बातमी गावभर झाली होती, आणि एका सोमवारी सकाळी हजेरी चालू असताना माय ठाण्यात आली. हातात कपड्यांचं लहानसं गाठोडं.

"गुरुजीला कुठं ठेवलं होतं?"

मी कोठडीकडे बोट दाखवलं. ती सरळ तिकडे निघाली. महिला शिपायानं अडवलं.

"त्याला तीन दिस ठेवलं, न्हाई का? मलाबी तीन दिस ठेवा. माझ्या हातचं पाप, माझ्याच हातची भाकर खाणाऱ्यानं भोगलं. मला न्हाई झोप लागत साहेब."

"माय, असं ठेवता येत नाही. तुझ्यावर गुन्हाच नाही."

"त्याच्यावर होता का?"

जमादारांनी सवयीनं पाण्याचा ग्लास पुढे केला, या खेपेला तिच्यापुढे. तिनं घेतला नाही. ती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. समजावलं, रागावलो, बुवांना बोलावलं. उठेना. संध्याकाळी मी जीपनं तिला घरी सोडलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत हजर. येणारे-जाणारे बघायचे, कुणी पाया पडायचं, कुणी कुजबुजायचं. ती कुणाशी बोलायची नाही. घरून आलेली भाकर तशीच बांधलेली राहायची. मी आत डायरी लिहायचो आणि माझं अक्षर मला वाचता यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी लातूरच्या गाडीनं गुरुजी आले. बुवांनी फोन केला होता. गुरुजी वाळले होते, दाढी पांढरी झाली होती. माझ्याकडे न बघता ते बाकापाशी गेले. माय उठून त्यांच्या पायाकडे वाकायला लागली, त्यांनी तिला धरलं.

"काय करून राहिली माय? उठ. सहा महिने झाले, तुझ्या हातची भाकर न्हाई पोटात."

"माझ्या हातचं खाशील?" तिनं विचारलं. तोवर ती रडली नव्हती. तेव्हा रडली.

गुरुजींनी बाकावरचं फडकं सोडलं, तिथंच बसून सकाळची गार भाकर मोडली आणि तिच्या देखत खाल्ली. पहिला घास, दुसरा घास. सबंध ठाणं बघत होतं. मग तिचं गाठोडं उचललं. निघताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. मी उभा राहिलो. माफी मागायची होती, शब्द जुळवत होतो.

गुरुजी म्हणाले, "साहेब, मायनं तिचे तीन दिवस भरले. तुमचे राहिलेत."

एवढं बोलून ते गेले.

विषाच्या प्रकरणात मी नंतर कधी पहिल्यांदा दुश्मनांची नावं विचारली नाहीत. आधी विचारायचो, तुमची काळजी कोण घेतं, आणि काळजीनं काय देतं. अंगारा, काढा, भस्म, गोळी, नवसाचं तीर्थ, सगळं विचारायचो, लोक ज्याला खाणं म्हणत नाहीत तेही. दोन-चार ठिकाणी त्यानं जीव वाचले. पण मी ते हुशारी म्हणून सांगत नाही. ती शिकवणी दुसऱ्याच्या नोकरीवर आणि एका म्हातारीच्या झोपेवर झाली. बुवांचा आवाज पूर्ण कधी परत आला नाही. हात आला.

निवृत्त झाल्यावर मी लातूरला राहतो. गुरुजीही नोकरी संपवून परत इथंच आले, त्यांचं घर माझ्या घरापासून पायी वीस मिनिटांवर आहे. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी तीनदा गेलो आहे.